एक जूनचे शिवाजी शिंदे

बायकोचा बोर्डिंग पास आला. नवऱ्याचा आला नाही.

एकाच तिकिटावरचे दोघे, सीटही शेजारशेजारच्या. मी नवऱ्याची माहिती पुसून पुन्हा भरली. पासपोर्टचा नंबर बोट ठेवून वाचला. जन्मतारीख वाचली, नावाचं स्पेलिंग वाचलं. एंटर मारला. पुन्हा तीच ओळ आली. ‘चेक-इन पूर्ण होऊ शकत नाही. विमानतळावरील काउंटरशी संपर्क साधा.’

टेबलापलीकडे शिवाजी शिंदे नवे बूट घालून बसले होते. वय एकसष्ट. मूळ गाव करमाळा तालुक्यातलं जेऊर, पण सगळी नोकरी सोलापुरात, एसटीच्या वर्कशॉपमध्ये झालेली. शेजारी त्यांच्या पत्नी, शालनकाकू. खाली रस्त्यावर भाड्याची गाडी उभी होती. दुपारी निघायचं, मुंबईत भाच्याकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान पकडायचं, असा बेत होता.

“झालं का ताई?” काकांनी विचारलं.

“काकूंचं झालं. तुमचं जरा अडकलंय.”

“सर्वर डाऊन असंल.”

मलाही तसंच म्हणायचं होतं. पण सर्व्हर डाऊन असता तर काकूंचा पासही आला नसता.

माझं तिकिटांचं ऑफिस सोलापुरात नवी पेठेत आहे, पहिल्या मजल्यावर. त्याआधी मी पुण्यात एका विमान कंपनीत काउंटरला होते. लग्न झालं, गावी परत आले आणि हे ऑफिस काढलं. आमच्याकडे परदेशी जाणारे जास्त करून आईबापच असतात. मुलगा तिकडे कंपनीत, मुलगी तिकडे हॉस्पिटलात, आणि हे दोघं आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारे. शिंदेकाका-काकूही तसेच. त्यांची मुलगी मनीषा तिकडे नर्स आहे. कुठल्या देशात ते सांगत नाही, लांबच्या देशात एवढं पुरे. तिच्या पोटात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन होतं. जावई कारखान्यात पाळीवर कामाला, आणि घरात चार वर्षांचा मुलगा. ऑपरेशन होऊन ती उठून बसेपर्यंत घर कोण बघणार, म्हणून हे दोघं निघाले होते. व्हिसा तातडीने मिळाला होता. आज शुक्रवार होता.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तुम्ही परदेशी विमानाचं चेक-इन करता तेव्हा तुमचं नाव, जन्मतारीख, देश आणि पासपोर्ट नंबर विमान कंपनी पुढे पाठवते. तुम्ही ज्या देशात उतरणार, त्या देशाच्या इमिग्रेशनकडे. तुम्ही घरून निघायच्या आधीच तुमची माहिती तिकडे पोचलेली असते. याला आम्ही एपीआय म्हणतो, ॲडव्हान्स पॅसेंजर इन्फर्मेशन. तिकडचा संगणक ती माहिती आपल्या याद्यांशी ताडून बघतो आणि लगेच उत्तर देतो. बहुतेक वेळा उत्तर असतं, ‘ओके टू बोर्ड’. बसवा विमानात. प्रवाशाला यातलं काहीच कळत नाही. त्याला वाटतं, पास छापायला मशीन जरा वेळ घेतंय.

क्वचित दुसरं उत्तर येतं. ‘डू नॉट बोर्ड.’ मग कंपनी त्या माणसाला विमानात बसवत नाही. बसवलं तर कंपनीला दंड होतो आणि त्याच माणसाला आपल्या खर्चाने परत आणावं लागतं. त्यामुळे काउंटरवरची मुलगी कितीही चांगली असली तरी तिच्या हातात काही नसतं.

मी मुंबईला फर्नांडिससरांना फोन लावला. ते या तिकिटाच्या विमान कंपनीचे मुंबई विमानतळावरचे ड्युटी मॅनेजर. माझी त्यांची ओळख जुनी, पण कामापुरती.

“शैलजा, नंबर सांग,” ते म्हणाले. मी सांगितला. पलीकडे कीबोर्डचा आवाज आला.

“सर?”

“डू नॉट बोर्ड आहे. बाईचं क्लिअर आहे. या माणसाने तिकडे काही केलंय का? जास्त दिवस राहिला, काम केलं, असं काही?”

“सर, हे कधी पुण्याच्या पुढेसुद्धा गेले नाहीत.”

“मग नाव जुळलंय कोणाशी तरी.”

“पण व्हिसा तर दिलाय त्यांनी.”

“व्हिसा एका खात्याचा, यादी दुसऱ्या खात्याची.”

आपल्याकडे दोन खाती एकमेकांशी जेवढं बोलतात, तेवढंच तिकडेही बोलत असावीत.

फर्नांडिससर इथे फोन ठेवू शकले असते. त्यांचा नियम साधा होता. उद्या सकाळी माणूस काउंटरवर येईल, त्याला नाही म्हणायचं, पुढचा घ्यायचा. पण ते म्हणाले, “त्या देशाची एक लायझन ऑफिसर दिल्लीत बसते. अशा केसमध्ये विमान कंपनी तिला विचारू शकते. शुक्रवार आहे, संध्याकाळी ती ऑफिसातून निघून जाईल. मी प्रयत्न करतो. तू पॅसेंजरला तिथेच बसवून ठेव.”

मी फोन ठेवला. आता समोरच्यांना सांगणं भाग होतं.

“काका, तुमच्या नावाचा दुसरा कुणीतरी माणूस आहे. त्याने तिकडे काहीतरी केलंय. मशीनला वाटतंय की तो तुम्हीच.”

काकांना आधी हसू आलं. “शिवाजी शिंदे व्हय? अवो ताई, आमच्या डेपोतच तीन हुते. पगाराच्या दिशी घोळ व्हायचा.”

“फक्त नाव नाही. जन्मतारीखही जुळतेय बहुतेक.”

“एक जून?”

“एक जून.”

आम्हा दोघांनाही एकदमच कळलं की काय झालंय.

ही एक जूनची भानगड आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्या पिढीत खेड्यात जन्माची नोंद कुणी ठेवत नसे. बाप पोराला धरून शाळेत न्यायचा. गुरुजी विचारायचे, कधीचा जन्म? बाप म्हणायचा, पेरणीच्या सुमारास, नाहीतर थोरला बैल घेतला त्या साली. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून तारीख टाकायची एक जून. जिल्ह्यातल्या कुठल्याही वर्गातली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मलेली. तीच तारीख पुढे दाखल्यावर, नोकरीच्या कागदावर आणि पासपोर्टवर गेली. त्यात काकांच्या पासपोर्टवर मधलं नाव आलेलंच नव्हतं. नुसतं शिवाजी आणि शिंदे. महाराष्ट्रात शिवाजी शिंदे किती, आणि त्यात एक जूनवाले किती, कोण मोजणार.

पण हे आपल्याला माहीत. तिकडच्या संगणकाला कुठून माहीत असणार? त्याच्या हिशेबी नाव, आडनाव, देश आणि जन्माची तारीख-साल सगळं जुळलं म्हणजे माणूस तोच.

शालनकाकू एकदम म्हणाल्या, “माझं झालंय न्हवं? मग मी जाते.”

“एकटी?” काका त्यांच्याकडे वळले.

“मग काय करू? पोरीला म्हनू का, तुझ्या बापाचं नाव मशीनला आवडंना, ऑपरेशन फुडं ढकल?”

“मधे विमान बदलायचं हाय. इंग्लिश येत न्हाय तुला.”

“तुमाला येतंय व्हय?”

मी म्हटलं, “काकू, तशी वेळ आलीच तर मी व्हीलचेअर सांगते. चालता येत नाही म्हणून नव्हे. माणूस सोबत मिळतो म्हणून. तो तुम्हाला एका विमानातून दुसऱ्या विमानात नेऊन बसवेल. बोलायची गरज नाही.”

“खुर्चीत बसून? मला पाय हायेत की.”

“असू द्यात. बसायचं.”

त्यांनी मान हलवली. मात्र पदर बोटाला गुंडाळणं चालू होतं. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरूनही जायला तयार होत्या. मी बऱ्याच आयांना परदेशी पाठवलंय. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण नुसती तिकिटं काढत नाही.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. काकांचे मित्र निरोप द्यायला आले होते. सगळे एसटीतून रिटायर झालेले, रोज सकाळी एकत्र फिरायला जाणारे. गफूरभाई ड्रायव्हर होते. मल्लिनाथ स्वामी कंडक्टर, अक्कलकोटकडचे, बोलता बोलता कन्नडमध्ये शिरणारे. आणखी चारपाच जण. एकाच्या हातात हार, एकाच्या हातात शेंगाचटणीचा डबा. माझं ऑफिस केवढं, त्यात एवढी माणसं! दोघे तर दारातच उभे राहिले. काय झालंय ते कळल्यावर हार टेबलावर तसाच पडून राहिला.

“कायको रुकाये यार इनकू?” गफूरभाईंनी मला विचारलं. मी सांगायला लागले आणि फोन वाजला.

फर्नांडिससर होते. “ऑफिसर मॅडम पॅसेंजरशी बोलायचं म्हणतात. व्हिडिओवर. आत्ता. लिंक पाठवतोय. तू दुभाषी म्हणून बस. एक लक्षात ठेव शैलजा, तो जे बोलेल तेच सांगायचं. आपल्या मनाचं काही घालू नकोस.”

“नाही सर.”

मी लॅपटॉप काकांच्या समोर फिरवला. मित्रमंडळींना म्हटलं, भिंतीला लागून उभे राहा आणि कुणी बोलू नका. पडद्यावर एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील, केस बारीक कापलेले, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी नमस्कार केला, आपलं नाव सांगितलं आणि सरळ कामाला लागल्या. काकांना पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. वडिलांचं नाव विचारलं, मारुती. आधी कधी त्या देशात गेला होता का? नाही. कुठल्याच देशात? नाही. नोकरी काय केली? एसटीच्या इंजिनांचं काम. सगळे दिवस इथेच? “रजासुद्धा गावाकडंच घालवली,” काका म्हणाले. मी तसंच सांगितलं.

मग त्यांनी जन्मतारीख विचारली. काकांनी सांगितली आणि लगोलग म्हणाले, “पन ती खरी न्हाय.”

मी भाषांतर करायची थांबले.

माझ्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर परदेशी इमिग्रेशनची अधिकारी. मधे पासपोर्ट. आणि पासपोर्टचा मालक सांगतोय की त्यावरची जन्मतारीख खोटी आहे. काउंटरला असताना असं वाक्य मी ऐकलं असतं तर त्या प्रवाशाला बाजूलाच घेतलं असतं. हे वाक्य गाळलं तर काका सुटतील असं मला वाटलं. तसंच सांगितलं तर कायमचे अडकतील असंही वाटलं. पण फर्नांडिससरांना मी नुकताच शब्द दिला होता. आणि ऑफिसरबाई माझ्याकडे बघत होत्या. माझं थांबणं त्यांना दिसलं होतं.

मी म्हटलं, “ते म्हणतात, ही तारीख खरी नाही.”

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “म्हणजे काय?”

मी काकांना विचारलं, म्हणजे काय? काका अगदी शांतपणे बोलत गेले. त्यांच्या दृष्टीने यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

“मास्तरनी घातली ती. मी हुरड्याच्या दिवसात झालो, असं आई म्हनायची. थंडीत. पन सरकारी कागदावर एक जून हाय, म्हून सगळीकडं एक जूनच लिवतो. मी कुटं बदललेली न्हाय.”

मी सांगितलं. हुरडा म्हणजे काय, ते सांगायला मला तीन वाक्यं लागली. ज्वारीची कोवळी कणसं, शेतात आगटी करून भाजतात, थंडीत. बाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे शिक्षकाने अंदाजाने तारीख टाकली?”

“हो. आणि एकट्या यांची नाही.”

हे शेवटचं वाक्य माझं होतं, काकांचं नव्हतं. मी तसं लगेच सांगितलं. “माफ करा, हे मी माझं बोलले.”

त्या काही बोलणार एवढ्यात मागून गफूरभाईंचा आवाज आला. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण ‘जून’ कळला होता. “मेरा बी एक जूनच है ना!”

“ते कोण?” बाईंनी विचारलं.

“यांचे मित्र. ते म्हणतात, माझीही जन्मतारीख एक जून आहे.”

“नंदू अदे,” मल्लिनाथ पुढे सरकत म्हणाले. माझीही तीच.

आता कुणाला आवरणार? मी आवरलंही नाही. मी लॅपटॉप हळूच भिंतीकडे वळवला आणि मराठीत विचारलं, “ज्यांची जन्मतारीख एक जून आहे त्यांनी हात वर करा.”

गफूरभाईंचा वर गेला. मल्लिनाथांचा गेला. हार घेऊन आलेल्या गृहस्थांचा गेला. दारातल्या एकाने तर दोन्ही हात वर केले, वर म्हणाला, “माझ्या बायकोचीबी हाय.” फक्त एक जण हात खाली ठेवून उभे होते. ते ओशाळून म्हणाले, “माझी तीस मे. आमचे गुरुजी वेगळे हुते.”

गफूरभाईंनी पाकिटातून ड्रायव्हिंग लायसन्स काढून कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटवलं. मग हात वर केलेल्या सगळ्यांचीच पाकिटं निघाली. ऑफिसरबाईंच्या पडद्यावर एकामागून एक लायसन्स आणि ओळखपत्रं. साल वेगळं, दिवस तोच.

बाई हसल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “मी जे सांगते ते त्यांना नीट सांगा. तुम्ही दाखवलंत त्यावरून, हा माणूस तो नाही, असं सिद्ध होत नाही. पण नाव आणि तारीख जुळली म्हणजे हा माणूस तोच, असंही मला आता म्हणता येणार नाही. आज सकाळपर्यंत मी तसं म्हटलं असतं.”

मी सांगितलं. भिंतीकडचे सगळे ऐकत होते.

“व्हिसासाठी त्यांनी बोटांचे ठसे दिले होते?”

“हो, पुण्यात.”

“आमच्याकडच्या नोंदीतल्या माणसाचेही ठसे असायला हवेत. दोन्ही समोरासमोर ठेवून बघायला सांगते. ते दुसऱ्या खात्याचं काम आहे आणि तिकडे आता शुक्रवारची संध्याकाळ उलटलेली आहे. मी वचन देत नाही.”

काकांनी हात जोडले. त्यांनीही जोडले आणि पडदा बंद झाला.

यानंतरचा वेळ सगळ्यात वाईट गेला. गाडीवाला खालून हॉर्न देत होता. उशीर केला तर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकणार. उत्तर येईपर्यंत थांबावं, तर उत्तर कधी येणार ते माहीत नाही. काका म्हणाले, “मी हितंच थांबतो. हिला भाचा मुंबईतनं विमानात बसवून देईल.”

“हितं बसून काय हुनार हाय?” काकू उठल्या. “गाडीत बसा. मशीननं न्हाय म्हनलं तर मुंबईतनं परत या. व्हय म्हनलं तर सोलापूरपातूर आणायला कोन येनार हाय तुमाला?”

इतका सरळ विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मित्रांनी घाईघाईने हार घातला, डबा गाडीत ठेवला. गफूरभाईंनी ड्रायव्हरला बाजूला घेऊन कुठे डायव्हर्जन आहे, कुठे खड्डे आहेत, सगळं समजावलं. मी काकूंना खिडकीतून पुन्हा एकदा सांगितलं, खुर्ची मागायची, लाजायचं नाही. गाडी गेली.

मी वर येऊन बसले. काकूंच्या बुकिंगवर व्हीलचेअर मागून ठेवली. इतर कामं होती, केली. एका गिऱ्हाइकाला तिकीट काढून दिलं, त्यात त्याच्या मुलाचं नाव चुकीचं टाइप केलं, पुन्हा केलं. दर थोड्या वेळाने मी शिंदेकाकांचं बुकिंग उघडत होते आणि बंद करत होते. एंटर मारायचा नाही, असं फर्नांडिससरांनी बजावलं होतं. सारखी माहिती पाठवत राहिलं की तिकडच्या संगणकाला आणखी संशय येतो.

मनीषाचाही फोन आला. बापाचं अडकलंय हे तिला काकूंनी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. “निघाले ना दोघं?” तिने विचारलं. “निघाले,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

ऊन उतरायला लागलं होतं तेव्हा मुंबईचा फोन आला.

“शैलजा,” फर्नांडिससर म्हणाले, “पुन्हा टाक माहिती. एकदाच. नीट टाक.”

मी टाकली. बोट ठेवून वाचली. नाव, आडनाव, देश, एक जून. एंटर मारला. ते चक्र फिरत राहिलं. मग पडद्यावर चौकोनी काळ्या ठिपक्यांचा बारकोड आला आणि त्याखाली, शिंदे, शिवाजी.

फर्नांडिससरांनी विचारलं, “आला?”

“आला सर.”

“ठसे वेगळे निघाले. मॅडमने तिकडे कुणाला तरी घरून बोलावून बघायला लावलं. मला तिने एवढंच सांगितलं.”

“सर, तुमचे आभार कसे...”

“उद्या बाईला व्हीलचेअर हवी ना? लावलीय मी. राहू दे. सोबत माणूस बरा पडतो.” आणि त्यांनी फोन ठेवला.

मी काकांना फोन लावला. ते टेंभुर्णीच्या पुढे एका हॉटेलात चहाला थांबले होते. फोन काकांनी उचलला. मी म्हटलं, “काका, तुमचा पास आला.” पलीकडे फक्त रस्त्यावरच्या ट्रकचे आवाज. मग फोन काकूंच्या हातात गेला.

“काय झालं ताई? हे नुसते डोळं पुसाय लागलेत.”

“पास आला काकू. दोघं जाताय.”

“आला? बरं झालं बाई.” त्यांनी मोठा श्वास घेतला. “लई बरं झालं. मी मगाधरनं मनात खुर्ची खुर्ची घोकत हुते.”

पुढचं थोडक्यात सांगते. ते पोचले. तिकडे उतरल्यावर काकांना इमिग्रेशनने बाजूला घेतलं, पुन्हा बोटं ठेवायला लावली आणि लगेच सोडलं. तिथल्या माणसाच्या पडद्यावर आधीच काहीतरी लिहून आलेलं होतं, त्यामुळे काकांना एकही प्रश्न विचारला गेला नाही. सोमवारी मनीषाचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. काका रोज नातवाला शाळेत सोडायचे आणि वाटेत त्याला गाड्यांच्या इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखायला शिकवायचे, असं मनीषाने मला नंतर कळवलं. तिच्या मेसेजमध्ये आभार होते. ते मी फर्नांडिससरांना आणि त्यांच्यामार्फत दिल्लीला पाठवले.

दिल्लीहून उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. आलं. दोनच ओळी होत्या. रुग्णाला शुभेच्छा. आणि महाराष्ट्रातल्या एक जूनबद्दल आपल्या सहकाऱ्यांसाठी त्यांनी एक टीप तयार केली आहे, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

यादीतला तो दुसरा शिवाजी शिंदे कोण, त्याने काय केलं, मला अजून माहीत नाही. मी विचारलंही नाही. तोही बहुतेक कुठल्या तरी गुरुजींच्या अंदाजानेच एक जूनला जन्मलेला असेल.

पूर्वी मला ही आगाऊ माहिती पाठवण्याची पद्धत म्हणजे निव्वळ कटकट वाटायची. निघायच्या आधीच परक्या देशाला आपलं सगळं का सांगायचं? आता तसं वाटत नाही. माहिती आधी गेली म्हणून घोटाळा नवी पेठेत उघडा पडला. इथे काकांच्या मागे सहा मित्र उभे होते, हातात लायसन्स घेऊन. हाच घोटाळा तिकडे उतरल्यावर निघाला असता तर एका बंद खोलीत, परक्या भाषेत, हा माणूस एकटाच बसला असता. आणि ‘ती तारीख खरी न्हाय’ हे वाक्य त्याने तिथेही तितक्याच सरळपणे सांगितलं असतं. तिथे ते समजून घेणारी बाई मिळालीच असती असं नाही. आम्हाला मिळाली. फर्नांडिससर मिळाले. या दोघांपैकी कुणाचंही ते काम नव्हतं, म्हणजे एवढं करणं काम नव्हतं.

तेव्हापासून माझ्या ऑफिसात एक नियम आहे. एक जूनवाला प्रवासी आला की मी आधी पासपोर्टवर मधलं, म्हणजे वडिलांचं, नाव आहे का ते बघते. नसेल तर घालून आणायला सांगते. वेळ लागतो, लोक कुरकुर करतात. मी ऐकून घेते आणि तरीही पाठवते.